जुन्या करवतीची मूठ

व्याख्यानमालेचे कार्यवाह माझ्याकडे विषय विचारायला आले, तेव्हा किमान वेतन, बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा होती. तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. या विषयांवर मला झोपेतून उठवले तरी बोलता येईल, आणि म्हणूनच या वेळी ते टाळावेत असे वाटले. 'जुन्या साखळी-करवती गोळा करणे व दुरुस्त करणे' हा विषय मी सांगितला तेव्हा कार्यवाहांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "हा तर छंदाचा विषय झाला. तुम्ही चळवळीतले," ते म्हणाले. मी म्हटले, "शेवटपर्यंत ऐका, आणि मग हा विषय छंदाचा की चळवळीचा ते तुम्हीच ठरवा."

माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्यात फिटरच्या हाताखाली आणि नगर वाचनालयाच्या टेबलाशी, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा यंत्रविद्येतला पंडित म्हणून मी हे लिहीत नाही. हातात पाना धरलेला माणूस दुसऱ्या पाना धरलेल्या माणसाकडे गेला आणि त्याच्याकडून काही शिकून आला, एवढाच माझा अधिकार.

साखळी-करवत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर नगरपालिकेची माणसे रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या उतरवतात, तेव्हा मोटारसायकलीसारखे ओरडणारे जे यंत्र त्यांच्या हातात असते ते हेच. रचना समजायला सोपी आहे. एक लांबट, चपटी पोलादी पट्टी असते. तिच्या कडेने कोरलेल्या खाचेतून एक साखळी फिरते. सायकलच्या साखळीसारखीच, मात्र हिच्या कड्यांवर दात असतात. एक लहान इंजिन ती साखळी फिरवते. साधी करवत मागे-पुढे जाते आणि परतीच्या फेऱ्यात निम्मे श्रम वाया जातात. साखळी एकाच दिशेने, न थांबता धावते. या यंत्राचे सगळे सामर्थ्य एवढ्याच युक्तीत आहे.

ही युक्ती प्रथम झाडासाठी निघाली नव्हती, हे ऐकून नवल वाटेल. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी दांडीने फिरवायची लहानशी साखळी-करवत तयार केली. म्हणजे ही करवत माणसाच्या हाडाकडून झाडाकडे गेली. ती माणसाच्या हाताकडे पुन्हा कशी आली, ते पुढे येईलच.

*

२०२३ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेच्या ओरेगन राज्यात महिनाभर होतो. माझा भाचा पोर्टलंड शहराजवळ नोकरीला आहे. अमेरिकेचा हा वायव्य कोपरा म्हणजे लाकूडतोडीचा मुलूख. डग्लस फर नावाचा देवदाराच्या जातकुळीतला प्रचंड वृक्ष तिथल्या डोंगरांवर वाढतो, आणि त्याच्या लाकडावर त्या भागातली गावेच्या गावे उभी राहिली. भाचा सकाळी कामावर गेला की मला दिवस खायला उठे. एके दिवशी शेजारच्या गॅरेजातून इंजिनाचा आवाज आला. फिटरला इंजिनाचा आवाज ऐकू आला की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात.

गॅरेजात शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ टेबलावर वाकून काम करत होते. उमेदीची वर्षे त्यांनी जंगलात झाडे पाडण्यात घालवलेली. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने साखळी-करवती मांडलेल्या होत्या. मी मोजल्या, बेचाळीस भरल्या. माझे इंग्रजी वाचनातले, बोलण्यातले नव्हे. पण अर्ध्या तासात आमचे छान जमले. पुढचे तीन आठवडे मी रोज तिथे जाऊ लागलो. भाचा म्हणे, "मामा, तुम्ही माझ्याकडे आलात की त्यांच्याकडे?"

त्या फळ्यांवर या यंत्राचा इतिहास मांडलेला होता. जे तिथे नव्हते ते म्हातारबुवांच्या पुस्तकांत होते. तो इतिहास थोडक्यात असा.

यंत्र येण्यापूर्वी झाडे पाडली जात ती कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या लांब करवतीने. आपल्याकडे लाकडाच्या वखारीत ओंडक्याच्या दोन बाजूंना बसून करवत ओढणारी जोडी जुन्या लोकांना आठवत असेल, त्याच जातीची ती. तिकडचे लाकूडतोडे तिला 'यातनांचा चाबूक' म्हणत. नावातच कामाचे वर्णन आले.

१९२६ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. पण जंगलात वीज कुठली? १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी ५८ किलोची पेट्रोलवरची करवत थुरिंगिया प्रांतातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या यंत्राला दिले. १९२९ मध्ये श्टील यांचीही पेट्रोल-करवत आली, ४६ किलोची. म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढे वजन दोघांनी डोंगरावर वाहून न्यायचे आणि ते चालू असताना झाडाशी धरून ठेवायचे.

वजनाइतकीच दुसरीही एक अडचण होती. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये, आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसा, एक फ्लोट असे. टाकी आडवी केली तर फ्लोटचे काय होईल? तेच इंजिनाचे होई: करवत आडवी धरली की इंजिन बंद. पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करताना करवत उभी चालते, पण उभे झाड पाडायचे तर ती आडवीच धरावी लागते. म्हणून पुष्कळ जुन्या यंत्रांत इंजिन उभेच ठेवून पट्टी तेवढी आडवी वळवण्याची सोय असे. पुढे फ्लोटच्या जागी लवचीक पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर आला आणि करवत वाटेल तशी वाकडीतिकडी धरता येऊ लागली.

तिसरी अडचण दातांची. पहिल्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखेच लाकूड खरवडत. त्यांचा भुसा खाचेत अडके, दात लवकर बोथट होत आणि कानस घेऊन बसण्यात कामाचे तास जात. १९४६ मध्ये ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. बोटाएवढी ती अळी लाकडाच्या शिरांना न जुमानता, उभे-आडवे कसेही कुरतडत चालली होती. तिच्या जबड्याला समोरासमोर दोन वाकडे दात होते. एक डावीकडचे लाकूड कापी, दुसरा उजवीकडचे. कॉक्सने साखळीचे दात तसेच घडवले, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे ती साखळी बनवण्याचा उद्योग सुरू केला. या दातांनी भुसा पडत नाही, लाकडाचे ढलपे निघतात. आज जगात वापरात असलेल्या बहुतेक साखळ्या त्याच साखळीच्या वंशातल्या आहेत. अळीकडून शिकायला कॉक्सला लाज वाटली नाही, ही गोष्ट मला फार आवडली.

यानंतर करवतीचे वजन झपाट्याने उतरले. १९४९ मध्ये लॉस एंजलिसच्या मॅककलॉक कंपनीची सुमारे साडेअकरा किलोची एकमाणसी करवत आली. १९५० मध्ये श्टीलचीही एकमाणसी करवत आली, १६ किलोची. १९५९ मध्ये श्टीलने 'कॉन्ट्रा' काढली. तिच्यात इंजिन आणि साखळी यांच्यामधले गिअर काढून टाकून साखळी सरळ इंजिनाच्या दांड्यावरच चढवली होती. वजन १२ किलो आणि शक्ती सहा अश्वांची. अमेरिकेत ती 'लाइटनिंग', म्हणजे वीज, या नावाने विकली गेली. त्याच वर्षी स्वीडनच्या हुस्कव्हार्ना कंपनीची पहिली साखळी-करवत निघाली.

चौसष्ट किलोंपासून बारा किलोंपर्यंतचा हा तेहतीस वर्षांचा प्रवास प्रगतीचाच आहे. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक आकडा दिसतो: दोन माणसांचा एक माणूस झाला. करवतीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस गेला. त्याची रोजी गेली हे तर झालेच. पण वरून फांदी तुटून येताना "सरक" म्हणून ओरडणाराही तोच होता.

*

आता संग्रहाविषयी. या करवती मिळतात कुठे? जुन्या गोठ्यांत, भंगाराच्या ढिगात, कोणी वारल्यावर घरासमोर मांडलेल्या सामानात. पुष्कळ कारखाने आज अस्तित्वात नाहीत. मॅककलॉकची मूळ कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे नाव पुढे दुसऱ्यांनी घेतले. त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत. तीन मेलेल्या करवतींतून एक जिवंत करायची, हा या मंडळींचा नियम. उरलेल्या दोघींचे स्क्रूसुद्धा डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवलेले असतात.

जुनी करवत हाती आली की नवखा माणूस पहिली चूक करतो ती दोरी ओढून पाहण्याची. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोराने ओढले तर रिंग मोडते आणि सिलिंडरवर कायमचा ओरखडा उठतो. म्हणून आधी प्लग काढायचा, आत थोडे तेल सोडायचे आणि यंत्र दोन-चार दिवस तसेच राहू द्यायचे. म्हातारबुवा म्हणत, "ती तीस वर्षे थांबली आहे, तुला चार दिवस थांबायला काय होते?"

मग ठिणगी. या इंजिनांत बॅटरी नसते. चक्राला बसवलेले चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून फिरते आणि त्यातून वीज निर्माण होते. याला मॅग्नेटो म्हणतात. ठिणगीची वेळ साधणारे दोन पॉइंट असतात. त्यांवर गंज चढला की ठिणगी पडत नाही. बारीक कागदाने ते घासले आणि मेलेला कंडेन्सर बदलला की निम्मी इंजिने जागी होतात.

नंतर पेट्रोलचा मार्ग. डायफ्राम वाळून कडक झालेला असतो, तो नवा घालायचा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. त्याने जुन्या जातीचे रबर फुगते आणि ते हवेतले पाणी शोषून घेते. म्हणून काम संपल्यावर टाकीत थेंबही ठेवायचा नाही. ही टू-स्ट्रोक इंजिने असल्याने वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. आजच्या यंत्रांना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल पुरते. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांना सोळा भागांना एक लागे.

चौथी गोष्ट ऑइल सीलची. दांड्याभोवतीचे हे रबरी कडे वाळले की फटीतून हवा आत शिरते. आता गंमत पाहा. हवा वाढली की त्या मानाने पेट्रोल कमी झाले. आणि तेल पेट्रोलमध्येच असल्यामुळे तेलही कमी झाले. इंजिन आधी जोरात धावते, मालक खूश होतो, आणि थोड्याच वेळात कोरडा पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. हे ऐकताना मला काही कारखाने आठवले: वंगण कमी करून वेग वाढवायचा आणि इंजिन अडकले की कामगाराला दोष द्यायचा.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. वजन कमी करण्यासाठी या करवतींची अंगे मॅग्नेशियमची केलेली असतात. मॅग्नेशियमवर आम्ल लावले तर ते डोळ्यांदेखत फसफसून खाल्ले जाते. त्याचा कीस ठिणगीने पेटतो, आणि त्या आगीवर पाणी ओतले तर ती अधिकच भडकते. जुन्या गॅसकेटांत आणि क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकून उडवायची नाही. छंद झाला म्हणून फुप्फुसे वेगळी होत नाहीत.

सगळे जुळले की पट्टी आणि साखळी काढून ठेवून इंजिन सुरू करायचे. पहिला धूर निघतो तेव्हा शहात्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मी आमच्या कारखान्यात बंद पडलेली मशीन चालू करणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. हा आनंद खोटा नव्हे.

*

दुसऱ्या आठवड्यात मी एक करवत हातात घेतली. बाकी यंत्र लखलखीत केलेले. पण पुढच्या मुठीवर रबराची जुनी, काळवंडलेली पट्टी घट्ट गुंडाळलेली होती. टायरच्या ट्यूबची असावी. मला ती कुरूप दिसली. मी विचारले, "ही काढायची राहिली काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सकाळची वेळ, बाहेर गार पाऊस. त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटे मधल्या पेरापर्यंत पांढरीफटक होती, जणू मेणाची केलेली. मी हात लावला तर थंडगार. त्यांना माझा स्पर्शही कळला नाही.

हा रोग समजावून सांगणे हेच या लेखाचे खरे प्रयोजन आहे. करवतीच्या इंजिनात एकच सिलिंडर असतो. पिस्टन मिनिटाला सहा-सात हजार फेरे करतो, म्हणजे सेकंदाला शंभराहून अधिक हिसके देतो. जुन्या करवतीत मूठ थेट इंजिनाच्या अंगाला आवळलेली असे. प्रत्येक हिसका मुठीत येई, मुठीतून बोटांत जाई. दिवसाचे सहा तास, वर्षाचे आठ-नऊ महिने. त्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. प्रथम मुंग्या येतात. मग थंडीत रक्तवाहिन्या एकदम आवळतात आणि बोट पांढरे पडते. ऊब मिळाली की रक्त परतते आणि बोट लाल होऊन ठणकते. पुढे पुढे शर्टाचे बटण लावता येत नाही, आणि रोग फार वाढला की काम सोडूनही तो जात नाही. थंडीने तो उघड होतो, म्हणून उत्तरेकडच्या देशांत प्रथम दिसला. आपल्या उष्ण हवेत बोट पांढरे पडेलच असे नाही. पण मुंग्या आणि बधिरपणा येतोच.

हे आधी कोणाला माहीत नव्हते काय? होते. १९११ मध्ये इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरांनी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदवला. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दगड घडणाऱ्या कामगारांचे हात डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तपासले आणि तोच निष्कर्ष काढला. 'कॉन्ट्रा' बाजारात येण्याच्या एकेचाळीस वर्षे आधी! तेव्हा अज्ञानाची सबब इथे चालत नाही. ज्ञान होते, पण ते ग्रंथालयात होते आणि करवत जंगलात होती.

जपानमध्ये सरकारी जंगलांत साखळी-करवती आल्या आणि काही वर्षांतच कामगारांची बोटे पांढरी पडू लागली. लोकांनी या रोगाला नाव दिले 'पांढऱ्या मेणाचा रोग'. कामगारांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. १९६६ मध्ये सरकारी जंगल-कामगारांच्या बाबतीत तो व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला, आणि १९६९ मध्ये करवत हातात धरण्याची मर्यादा दिवसाला दोन तास अशी ठरली. ब्रिटनमध्ये अशी मान्यता यायला १९८५ साल उजाडले.

आता त्या रबराकडे परत येऊ. म्हातारबुवा म्हणाले, "ही पट्टी मी गुंडाळलेली नाही. ज्याची करवत होती त्याने गुंडाळली. आम्ही सगळेच गुंडाळत होतो." पकड बरी बसे, हाताला गार धातू लागत नसे, पण थरथर? हातमोजा किंवा रबराचा पातळ थर या जातीची थरथर अडवू शकत नाही. रोज रात्री बोटे चोळत बसणाऱ्या त्या अनोळखी माणसाने आपल्या परीने केलेला तो उपाय होता, आणि तो फुकट गेला.

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यांनी काय केले? तेच रबर घेतले. पण मुठीभोवती न गुंडाळता मूठ आणि इंजिन यांच्या मध्ये बसवले. इंजिन, पट्टी आणि साखळी एका बाजूला. मुठी दुसऱ्या बाजूला. आणि त्यांना जोडणारे फक्त रबराचे चार-पाच ठोकळे. हिसका इंजिनात निर्माण होतो आणि ठोकळ्यांत जिरतो. पदार्थ तोच, जागा बदलली. कामगाराच्या हातात होते तोवर ते रबर निरुपयोगी. यंत्राच्या पोटात गेले तेव्हा गुणकारी. आणि यंत्राच्या पोटात ते घालणे एकट्या कामगाराच्या हातात नव्हते. त्यासाठी संघटना लागली, डॉक्टर लागले, कायदा लागला आणि चांगले इंजिनीअरही लागले.

याचा परिणाम मोजलेला आहे. फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मी भागातल्या जंगल-कामगारांची १९७२ ते १९९० अशी अठरा वर्षे तपासणी झाली. १९७२ मध्ये शंभरांतल्या चाळिसांची बोटे पांढरी पडत होती. १९९० मध्ये पाचांची. त्याच काळात करवतीची थरथर, शास्त्रज्ञ ज्या मापाने मोजतात त्या मापाने, १४ वरून २ वर आली. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमात आठ तासांच्या दिवसासाठी ५ ही कमाल मर्यादा आहे. थरथर वाढली की कामाचे तास तिच्या वर्गाच्या प्रमाणात कमी करावे लागतात. त्या हिशोबाने १४ मापाची जुनी करवत जेमतेम एक तासात दिवसाची मर्यादा गाठते. लोक ती दिवसभर चालवत होते.

रबराने थरथर गेली. घाई मात्र जात नाही. घाईचे मूळ मजुरीच्या पद्धतीत असते. स्वीडनमध्ये १९७५ च्या वसंतात जंगल-कामगारांनी मोठा संप केला. संपाची मुख्य मागणी दर वाढवा ही नव्हती. झाडांच्या संख्येवर मजुरी देणे बंद करा आणि महिन्याचा पगार द्या, ही होती. जितकी झाडे तितके पैसे, म्हटल्यावर माणूस विश्रांती घेत नाही, वाऱ्याची दिशा पाहत नाही, अडकलेल्या झाडाखाली शिरतो. पगाराची पद्धत बदलल्यावर तिथे गंभीर अपघात घटल्याचे अभ्यासकांना आढळले.

*

हे सगळे ऐकून मी त्या रात्री झोपू शकलो नाही. कारण सांगतो. १९९८ मध्ये एका कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग ग्राइंडरने घासण्याच्या खात्यातले कामगार माझ्याकडे आले होते. त्यांतला एक वडीलधारा माणूस म्हणाला, "साहेब, रात्री हाताला मुंग्या येतात. भाकरीचा तुकडा हातात आहे की नाही ते कळत नाही." मी काय केले? त्या खात्यासाठी जादा भत्ता मागितला आणि मिळवला. नगावरचा दरही वाढवून घेतला. करार झाला, गुलाल उधळला, माझ्या गळ्यात हार पडले. दर वाढला म्हणून ते लोक आणखी जोराने, आणखी वेळ ग्राइंडर धरू लागले. ग्राइंडर बदला, मध्ये रबर घाला, तास कमी करा, यांतले एकही कलम त्या करारात नव्हते. दुखण्याची किंमत मी ठरवून दिली. दुखणे तसेच ठेवले. काही वर्षांनी तो माणूस मला बाजारात भेटला. सुटे पैसे मोजताना त्याच्या हातून नाणी खाली पडत होती. ती उचलून मीच त्याच्या खिशात घातली. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

आपल्याकडे म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा लाकडाचाच, आणि तो लाकडालाच कापायला निघतो. कामगारांच्या पुढाऱ्याने ही म्हण वारंवार आठवावी. आपण ज्या गोतातून आलो त्याच्यावरच आपला घाव पडत नाही ना, हे पाहावे. त्या डोंगरांवरचे शेकडो वर्षांचे वृक्ष या करवतींनी किती गेले, हाही प्रश्न आहेच. म्हातारबुवांनी तो टाळला नाही. "मी पाडले," ते म्हणाले, "आणि आता परसात लावतो. हिशोब जुळत नाही हे मला ठाऊक आहे."

*

तर मग जुनी करवत दुरुस्त करावी ती कशासाठी? काही संग्राहक ती नवी कोरी दिसावी म्हणून झटतात. मूळ रंगाची छटा जुळावी म्हणून महिने घालवतात. त्यांच्या चिकाटीला मी नाव ठेवणार नाही. पण रंग देताना ते मुठीवरचा झिजलेला भाग भरून काढतात, गुंडाळलेले रबर सोलून फेकतात, पट्टीवर कोणी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरे घासून टाकतात. अशाने यंत्र उरते आणि ते चालवणारा नाहीसा होतो. म्हातारबुवांची रीत वेगळी होती. इंजिन, ठिणगी, कार्बोरेटर, म्हणजे जे यंत्राचे आहे ते नवे करायचे. मुठीवरची झीज, रबर, कोरलेले अक्षर, म्हणजे जे माणसाचे आहे त्याला हात लावायचा नाही. प्रत्येक करवतीला एक चिठ्ठी बांधलेली: कुठे मिळाली, कोणी वापरली, त्याचे काय झाले. आणि ज्या करवतींना साखळी थांबवणारा ब्रेक नाही (तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला येऊ लागला), त्यांवर लाल खूण. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. अशी करवत सुरू करून दाखवावी, पण कामाला जुंपू नये.

ते ज्या संघटनेचे सभासद होते ती, अमेरिकेतल्या लाकूड-कामगारांची १९३७ मध्ये स्थापन झालेली संघटना, १९९४ मध्ये यंत्रकामगारांच्या संघटनेत विलीन झाली. तिचे सभासद-कार्ड त्यांनी करवतींच्या मधोमध एका खिळ्याला अडकवले होते. तो मला त्या संग्रहातला त्रेचाळिसावा नग वाटला.

आपल्या गावांतूनही जुनी हत्यारे आणि यंत्रे रोज किलोच्या भावाने जात आहेत. बंद पडलेल्या गिरण्यांचे मागसुद्धा तसेच गेले. सगळे काही जपता येणार नाही, आणि जागाही नाही. पण घरातली वडिलांची कानस, आजोबांचा रंधा, मामाचा हातोडा भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी त्याची मूठ एकदा नीट पाहा. ती कुठे झिजली आहे, तिच्यावर कोणी चिंधी गुंडाळली होती काय, ते पाहा. ज्या जागी माणसाने चिंधी गुंडाळली असेल, त्या जागी यंत्रात काहीतरी चुकले होते असे खुशाल समजा. आणि आज कामावर असलेल्या एखाद्या माणसाच्या यंत्राच्या मुठीवर तशी चिंधी दिसली, तर तिची चौकशी त्याच दिवशी करा. परत आल्यापासून मी तेवढेच करतो. कोणत्याही खात्यात गेलो की आधी दर विचारत नाही. आधी मूठ पाहतो, मग हात पाहतो, आणि दराचे बोलणे त्यानंतर.

विषय छंदाचा की चळवळीचा, हे कार्यवाहांनी आता ठरवावे.